नवीन वसाहतीचे मूळ रहिवासी

कोणत्याही वस्तीला इतिहास लागू होण्यासाठी तिथे निदान एक माणूस जन्मावा लागतो, एक मरावा लागतो आणि दोघांविषयी शेजाऱ्यांत मतभेद असावे लागतात. मंचरच्या कडेची नवीन वसाहत यांपैकी फक्त शेवटची अट पूर्ण करत होती.

नवीन वसाहत चाळीसेक वर्षांपूर्वीची. 'नवीन' हा शब्द काढायचं कुणी मनावर घेतलं नाही, कारण तिथे कायमचं राहायला कुणी आलंच नव्हतं. पोरांच्या शाळा उरकल्या की गावाला परतायचं, असं पक्कं ठरवून लोकांनी पाया घातला. मग त्याच तात्पुरत्या सोयीसाठी वरचा मजला चढवला. सध्या नातवंडांच्या शाळा उरकायच्या बाकी आहेत.

यंदा वसाहतीच्या तोंडाशी कमान उभी राहिली. तिच्यावर एका मूळ रहिवाशाचं नाव कोरायचं आणि त्याच्याच हातून फीत कापून घ्यायची, असं वसाहत समितीचे अध्यक्ष सुनील यांनी जाहीर केलं. वसाहतीचा इतिहास लिहून तो रहिवासी शोधून काढायचं काम संपततात्यांकडे आलं. तात्या अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. माणसाला रकान्यात बसवायचा हात अजून गेलेला नव्हता.

तात्यांनी घरोघर फिरून काढलेला गोषवारा येणेप्रमाणे. वसाहतीत जन्म: निरंक (पहिलं बाळंतपण माहेरी, पुढची दवाखान्यात). विवाह: निरंक (कार्यालय हायवेला, पत्रिकेवर पत्ता गावाचा). मतदार: नगण्य (गावच्या सरपंचाला पाडायचा हक्क कोण सोडतो). मृत्यू: निरंक. हा शेवटचा आकडा पाहून तात्यांची छाती क्षणभर फुगली. प्रगत देशांनाही जे जमलं नाही ते नवीन वसाहतीने करून दाखवलं होतं. माणसं इथे फक्त आजारी पडत. तिरडी गावात बांधली जाई.

"आमी हितले न्हाई राव," चौथ्या गल्लीतला भरत म्हणाला. "हितं राहातो फक्त." भरतला मिसरूड याच गल्लीत फुटलं होतं, पण तेही तो गावाकडचंच धरत असावा.

तात्या स्वतः मूळचे अवसरी बुद्रुकचे. गाव इतकं लांब की गच्चीवरून फक्त त्याची पाण्याची टाकी दिसते. भावकीच्या वाटणीत तात्यांच्या वाट्याला चुलतभावाच्या गोठ्यातली एक खुंटी आली. दरसाल यात्रेला तात्या तिच्यावर आपली टोपी टांगतात, ताबा शाबीत करतात, मटण जेवतात आणि टोपी घेऊन परततात. एवढी जमीनजुमल्याची जबाबदारी असलेल्या माणसाने स्वतःला वसाहतीचा म्हणवणं शक्यच नव्हतं.

संशोधन अडलं ते घरात.

याच सुमारास शेजारचे जानकू, वनखात्यातून निवृत्त झालेले, वारले. रीतीप्रमाणे त्यांना शिनोलीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या त्यांच्या वाडीवर नेलं. तात्यांच्या मंडळी, चिमाबाई, सोबत गेल्या होत्या. तिथे एका म्हाताऱ्याने तिरडीकडे पाहून आदबीने चौकशी केली, "पावणं कुठलं व्हतं?"

 परत आल्यावर दोन दिवसांनी चिमाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अवो, मला अवसरीला न्यायचं न्हाई."

"यात्रेला?"

"मेल्यावर."

तात्यांनी घास खाली ठेवला. "आपल्यात रीत हाय तशी."

"रीतीला काय, ती घरी बसती. जायाचं मला. लगीन झाल्यावर सात म्हयनं ऱ्हायले मी तिथं. आता सुनांच्या सुना आल्यात. त्या रडतील, न्हाई म्हणत न्हाई मी. पर एकमेकीला कोपरानं ढोसून इचारतील, ही कोणती म्हनून. हितं लंकाबाई हाय. पाण्यावरनं जलमभर भांडली माझ्याशी. ती नीट रडल."

(लंकाबाई समोरच्या घरातल्या. हे भांडण म्हणजे वसाहतीत खंड न पडता चालू राहिलेलं एकमेव सार्वजनिक काम होय.)

"कमानीवर माझं नाव घाला," चिमाबाई म्हणाल्या. "मूळची हितली म्हनून. दगडावर लिवलं की मग न्यायला कुणाचा हात धजायचा न्हाई."

समितीची सभा भरली. सुनीलने रीतसर विचारणा केली.

"काकू, माहेर?"

"डिंगोरे."

"सासर?"

"अवसरी."

"मग हितल्या कशा तुमी?"

"राहिले की."

समितीने यावर गांभीर्याने विचार केला. राहणं हा रहिवासाचा पुरावा धरला, तर वसाहतीतले सगळेच इथले ठरतील आणि गावाकडे बांधावरून भांडायला कुणाला तोंड उरणार नाही, असा धोका भरतने निदर्शनास आणून दिला. तरीही दुसरा उमेदवार नव्हता आणि कमानीचा गवंडी खोळंबला होता. शेवटी नवऱ्याची हरकत नसल्यास नाव घ्यावं, असं ठरलं. सगळ्यांनी तात्यांकडे पाहिलं.

तात्यांनी चिमाबाईंकडे पाहिलं. मग त्यांच्या डोळ्यांपुढे खुंटी आली.

"तिला हितली लिवा," ते म्हणाले. "मला अवसरीचाच ऱ्हाऊ द्या."

"ऱ्हावा की," चिमाबाई म्हणाल्या. "उद्यापास्नं जेवाया बी तिकडंच जावा."

लंकाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. इतक्या वर्षांत त्यांनी चिमाबाईंची बाजू घेतल्याची ही पहिलीच नोंद.

फीत कापायला रविवार धरला, त्यामुळे वसाहतीतली बहुतेक मंडळी गावाला गेलेली. चिमाबाईंनी फीत कापली. ती वाकडी कापली, असं लंकाबाईंनी तिथल्या तिथे सांगितलं. बाहेरगावचे पाहुणे म्हणून एकट्या संपततात्यांना शाल आणि नारळ देण्यात आला. त्यांनी तो घेतला.

हे वाचून तात्यांचं हसू आलं असेल तर ते रास्तच आहे. हसून झालं की वाचकांनी घरच्यांना सहज विचारून ठेवावं, आपल्याला कुठे न्यायचं ठरलंय. उत्तर तयार असतं. ते ठरवताना आपण हजर नव्हतो, एवढंच.