चांगुणाकाकींची सवत

लग्न होऊन गावात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारच्या चांगुणाकाकींनी मला विचारलं, "माजी सवत बघितलीस का गो?" मी घाबरलेच. सासूबाई गालातल्या गालात हसत होत्या. संध्याकाळी कळलं, काकींची सवत म्हणजे आंब्याखालच्या देवळातली गावदेवी.

ही गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. मुरबाड तालुक्यातलं, धसईपासून पायी तासाभरावरचं आमचं गाव. काकींचे यजमान धाकूकाका देवीचे पुजारी. पहाटे उठून चुलीवर पाणी तापवायचं, कळशीतून देवळात न्यायचं, देवीला आंघोळ घालायची, शेंदूर लावायचा, लुगडं नेसवायचं. मग घरचा चहा.

"तिला ऊन पाणी, मला विहिरीचं," काकी भांडी आपटत म्हणायच्या.

काका गरीब माणूस. "देव हाय तो," एवढंच बोलायचे.

"देव नाय, बाय हाय ती!" काकी लगेच दुरुस्त करायच्या.

खरा जळफळाट लुगड्यांवरून. काका कधीमधी धसईच्या बाजारातून देवीसाठी लुगडं आणायचे आणि दुकानात उभे राहून म्हणायचे, "तिला हिरवा उठून दिसतो." हे काकींनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. "मला काय उठून दिसतं ते इचार त्यांना. सांगता येयाचं नाय." देवीच्या अंगावरून उतरलेली लुगडी पुढे काकींच्या वाट्याला यायची. कुणी कौतुक केलं, की त्या तिथल्या तिथे सांगायच्या, "सवतीचं उतरलेलं हाय."

आधी मला हसू यायचं. मग माझे मालक वाशिंदला कंपनीत लागले, आठवड्यातून एकदा घरी येऊ लागले, आणि मला काकींचाच हेवा वाटायला लागला. त्यांची सवत कुठे बसते हे त्यांना निदान माहीत तरी होतं.

गावची रीत अशी, की बायांनी उंबऱ्याबाहेरूनच हात जोडायचे. त्यामुळे इतक्या वर्षांत काकींनी सवतीला जवळून कधी पाहिलंच नव्हतं.

एका दिवाळीनंतर काकांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, बोलणंही कळेना. मूलबाळ नव्हतं. गावातल्या पुरुषांनी बैठक घेऊन पूजेच्या पाळ्या लावल्या. चार दिवस पाळ्या चालल्या, मग एकेकाला भाताच्या झोडणीची कामं आठवली. काका खाटेवरून सारखं देवळाकडे बोट दाखवायचे.

"बसू दे तिला पारोशी," काकी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी स्वतः पाणी तापवलं आणि कळशी घेऊन निघाल्या. मी मागोमाग. काकी उंबरा ओलांडून थेट आत! बोभाटा झाला, चार बाप्ये धावत आले.

"वयनी, भायेर या! देवीला बाईमानसाचा इटाळ होतो!"

काकींचा हात थांबला नाही. "इतकी वर्सं बाप्या तिला आंगोळ घालून लुगडं नेसवत व्हता, तवा कोनाला लाज नाय वाटली? आनि बाय आली तं इटाळ? मंग हिला पन भायेर काढा. ही काय बाप्या हाय?"

"बैठकीत बोलू," म्हणत सगळे पांगले. ती बैठक काही झाली नाही. झाली असती, तर पाळ्यांचं पुन्हा निघालं असतं.

तेव्हापासून पूजा काकींकडेच. एकदा मी फुलं द्यायला गेले आणि आतला आवाज ऐकून दाराशीच थांबले. काकी देवीच्या निऱ्या सारख्या करत बोलत होत्या.

"आज वाटीभर पेज प्याले. आनि तुजं नाव घेतलं. साफ घेतलं, समाजलं मला." शेवटची निरी खोचली. "माजं नाय घेतलं अजून."

मग पदराने त्यांनी देवीच्या तोंडावरचं पाणी टिपलं.

"तरी पन बरं कर गो त्यांना. आपल्या दोघींबिगर त्यांना हाय कोन?"