झरणाचं अमेरिकन सरबत

गुजरातेतल्या ऊंझ्याच्या जोईतारामभाईंच्या कारखान्यात तीन पिढ्या इसबगोल पोत्यांत भरला जात होता आणि घरात तो कोणीही खात नव्हतं. माल निर्यातीचा होता. घरच्या पोटांना तो दर्जा अद्याप मिळालेला नव्हता.

त्यामुळे मेहसाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी जोईतारामभाईंच्या मुलीला, झरणाला, पीसीओएस असल्याचं सांगून, "गोळ्यांबरोबर रोज चाल आणि पाण्यातून इसबगोल घे," असं सुचवलं, तेव्हा घरात गंभीर परिस्थिती उद्भवली. झरणाची पाळी महिनोन्‌महिने येत नव्हती. ती घाबरली होती, तिला बरं व्हायचं होतं. पण नेमकं विसनगरचं स्थळ बघायला येणार होतं.

"लग्नाची मुलगी इसबगोल खाते? लोक म्हणतील, हिला साफ होत नाही!" जोईतारामभाई कडाडले.

"पप्पा, दुखणं पोटाचं नाहीच आहे."

"मग तर तोंडच उघडू नकोस. पोटाचं निदान चारचौघांत सांगता तरी येतं."

अखेर न्यू जर्सीच्या काकांनी खास स्त्रियांसाठीची फायबर पावडर पाठवली. गुलाबी डबा, वर कमळ. मागे बारीक अक्षरांत मूळ ठिकाण लिहिलं होतं: ऊंझा. झरणाने ते बोट ठेवून दाखवलं.

"म्हणजे आपलाच माल, पण तिकडे राहून सुधारलेला," पप्पा अभिमानाने म्हणाले. चालायला जाणं मात्र नामंजूर झालं. मुलगी चालताना दिसली, तर का चालते असं कोणीतरी विचारणारच.

ठरल्या दिवशी विसनगरची मंडळी आली. मुलाच्या आईची, चंचळबेनची, नजर थेट डब्यावर गेली. झरणाची आई घाईने म्हणाली, "अमेरिकेचं सरबत आहे. कांती सुधारते."

मग काय, सगळ्यांनाच कांती सुधारायची होती. पेले भरले गेले. गप्पा कुंडलीवरून दागिन्यांवर आल्या, तोवर सरबत पेल्यांतच थिजलं. खोलीतलं प्रत्येक माणूस इसबगोलाच्या धंद्यातलं. डोळे बांधले असते तरी त्यांनी तो ओळखला असता. पण कोणी बोलेना. चंचळबेनने शांतपणे चमचा मागितला. "अमेरिकेचं ते अमेरिकेचं हं!"

झरणाला राहवलं नाही. "मासी, हा आपला इसबगोल आहे. मला पीसीओएस आहे, म्हणून मी घेते."

जोईतारामभाईंनी डोळे मिटून घेतले. चंचळबेनने चमचा चाटून खाली ठेवला.

"ते पीसीओ-बिसीओ चालेल गं, माझ्या मुलीलाही आहे, आम्ही कुठे सांगत फिरतो? पण अमेरिकेच्या वस्तूला भर बैठकीत इसबगोल म्हणणारी पोर उद्या आमच्या घरात कशाकशाला काय काय म्हणेल!"

स्थळ मोडलं. लपवण्यासारखं काहीच उरलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवसापासून झरणा राजरोस चालायला जाऊ लागली.

ही हकिगत ज्याला ज्याला सांगितली, त्याने हळूच डब्याचं नाव विचारलं. झरणाची पाळी आली का, हे अजून कोणी विचारलेलं नाही. तुम्ही तरी कुठे विचारलंत?