एकेचाळीस आतड्यांची चौकशी

मोठे साहेब, आपल्या खात्याने आमच्या एकेचाळीस पोरांच्या आतड्यांवर कृतघ्नपणाचा ठपका ठेवला आहे, आणि तो साफ खोटा आहे.

राष्ट्राची उन्नती पोटातून होते, हे आम्हांलाही मान्य. म्हणून परदेशची दूधभुकटी कुडाळवरून आमच्या खाडीकाठच्या शाळेत आली, तेव्हा आम्ही हार घातले. (डब्यांना. आपले तपासणीचे साहेब उशिरा पोचले.) दूध ढवळायला तुळसाबाईची नेमणूक झाली. विधवा बाई, घरात दोन लेकरं. त्या पळीवरच तिची चूल. पहिल्या दिवशी एकेचाळीस पोरांना पेला मिळाला. दुसऱ्या तासाला सदतीस पोरं सुरूच्या बनात होती. उरलेल्या चौघांनी पेला खिडकीबाहेर ओतला होता.

खात्याचे पत्रक आले: 'दूध पौष्टिक आहे, सबब ते पचले पाहिजे.'

आता पोटातला कारभार ऐका. तिथे एन्झाइम नावाचे हजारो कारकून बसतात. एकाला एकच काम. कुणी भात तोडून त्याची साखर करतो, कुणी बांगड्याचे मांस सुटे करतो, कुणी पुढे अंगात त्याच सुट्या तुकड्यांतून पोराचा दंड नव्याने बांधतो. दुसऱ्याच्या कागदाला हात लावत नाहीत, चहाला जात नाहीत. (सरकारी नोकरीस अपात्र.) दुधातली साखर तोडणारा कारकून मात्र आमच्या बहुतेक पोरांत आईचे दूध सुटल्यावर हळूहळू काम आवरतो. मग न तुटलेली साखर तशीच खाली जाते, तिथल्या जंतूंची जत्रा भरते, ढोल वाजतात, आणि पोर धावत सुटते.

तुळसाबाईने पत्रक वाचले नाही. तिला वाचता येत नाही, हे राष्ट्राचे भाग्य. तिने दुधात चमचाभर ताक घातले आणि मडके झाकून ठेवले. सकाळी दही. त्या दिवशी सुरूच्या बनात फक्त कावळे.

साहेब जीपने धावून आले. "सरकारी दुधाचं दही कुणाच्या परवानगीनं लावलंत?"

"सायबानू, जा काम पोरांच्या पोटात होणा नाय, ता मडक्यात करून घेतलंय. चाखून तरी बघा!"

साहेबांनी चाखले नाही, तपासायला धाडले. दुधातली साखर कमी भरली. कुणी खाल्ली? विरजणातल्या जंतूंनी. साहेबांनी जंतूंची नावे, वडिलांची नावे आणि दोन जामीन मागितले. मुदतीत कोणी हजर न झाल्याने तुळसाबाई बडतर्फ.

मग आदर्श घालून देण्यासाठी साहेब उभ्याउभ्या दोन पेले दूध प्यायले. तासाभरात जीप तिथेच, साहेब बनात.

"रे भिकाजी," तुळसाबाई शाळेच्या शिपायाला ओरडली, "सायबाक तांब्यो तरी नेऊन दी!"

अहवालात नोंद: 'किनाऱ्याची समक्ष पाहणी केली.'

परतल्यावर साहेबांनी गावाचे लेखी मत मागितले: 'दूध उत्तम पचते, दही हा गुन्हा होय.' नाहीतर डबे बंद. दूध गेले खड्ड्यात, पण रिकामा डबा! झाकण असे घट्ट की आत आमसुलाची सोलं ठेवा, सुका जवळा ठेवा, मुंगी शिरायची नाही. घरटी एक मिळायचा. सगळ्या गावाने सह्या केल्या. मीही केली. आमच्या डब्यात सोलं आहेत.

तुळसाबाई हल्ली गुडघाभर खाडीत शिंपल्यांतली कालवं काढते. पोरं पुन्हा धावतात.

तेव्हा मोठे साहेब, लेखी कळवा: तिला कामावर परत कधी घेता? आणि वाचकहो, तुम्ही हसलात ते बरे केलेत. आता जरा फळीकडे बघा. तिथला तो घट्ट झाकणाचा डबा तुम्हांला कुठल्या सहीबद्दल मिळाला? तेही कळवा.