टेकडीवरचं आकाश आणि एक दोषी खेकडा

एका जंगलात, बाळांनो, एक करकोचा होता. त्याचा धंदा टोपलीचा. पायात टोपली धरायची, टोपलीत प्रवासी घ्यायचे आणि अलीकडच्या तळ्यावरून पलीकडच्या तळ्यावर नेऊन सोडायचे. शेजारच्या हंसाचाही तोच धंदा. दोघे एकमेकांना 'दादा' म्हणत आणि एकमेकांचे प्रवासी पळवत.

दोन्ही तळ्यांच्या मधे एक टेकडी होती. टेकडीवर उंबराचं एक झाड. त्या झाडावर लाल तोंडाची माकडंही हक्क सांगत आणि काळ्या तोंडाची वानरंही. म्हणून तिथे युद्ध चालू होतं. झाड केव्हाच मोडून पडलं होतं, पण युद्ध चांगलं रंगात आलेलं, ते मधेच कोण थांबवणार?

लाल माकडांनी कावळे कामाला ठेवले. कावळे वरून खाजकुइली टाकत. वानरांनी खाजवत खाजवत गोफणी वळल्या. वर काळं काही दिसलं की भिरकाव दगड.

आता शहाण्या पक्ष्याने काय करावं? टेकडी टाळून खालच्या दरीतून वळसा घालावा. करकोचा आणि हंस तेच करत होते. पण वळशाने संध्याकाळ व्हायची, पंख दुखायचे आणि टोपलीतले बेडूक कुरकुरायचे, "अहो, तळं समोर आहे, नि आपण निघालोय कुठे?"

मग एके सकाळी हंसाच्या पायाला खेकडा चावला. हंस किंचाळत उडाला. दिशा-बिशा न बघता सरळ टेकडीवरून गेला आणि पलीकडच्या तळ्यात पाय बुडवून बसला. वानरं तेव्हा जेवायला बसली होती, म्हणून वाचला.

करकोच्याने हे लांबून पाहिलं. "हंस टेकडीवरून गेला!" तो म्हणाला. "म्हणजे त्याने नक्की चौकशी केली असणार."

दुसऱ्या दिवशी करकोचाही टेकडीवरून गेला. तो जाताना हंसाने पाहिलं. हंसाचा पाय अजून ठणकत होता, पण धंदा तो धंदा. "करकोचादादा एवढा जुना, अनुभवी," तो म्हणाला. "त्याने नक्की चौकशी केली असणार."

झालं! तेव्हापासून रोज सकाळी करकोचा लव्हाळ्यातून मान काढून हंस निघाला का बघायचा, आणि हंस करकोचा निघाला का बघायचा. टेकडीकडे मात्र कोणीच बघत नव्हतं.

ही गोष्ट सिंहमहाराजांच्या दरबारात गेली. घुबड प्रधान म्हणाला, "महाराज, टेकडीवरचं आकाश बंद करावं."

"बंद केलं तर प्रजा म्हणेल, टेकडी महाराजांच्या ताब्यात नाही."

"ती नाहीच आहे, महाराज."

"म्हणून तर!" महाराज गुरगुरले.

मग दरबारात पुष्कळ विचार झाला आणि दवंडी पिटली गेली. टेकडीवरच्या सावरीच्या उंच झाडाच्या शेंड्याखाली उडणं धोक्याचं. शेंड्याच्या वर वीतभर गेलं की आकाश सुरक्षित. वानरांना ही दवंडी ऐकू गेली नाही. ती खाजवण्यात गुंतली होती.

त्याच दिवसांत भागूबाई नावाची खार करकोच्याकडे आली. तिच्या लेकीचं पहिलंच बाळंतपण. खरं तर ते माहेरी व्हायचं, पण लेकीला टोपलीतला प्रवास झेपेना. म्हणून आईच निघाली होती, डिंकाचे लाडू घेऊन.

"करकोचेभाऊ, टेकडीवर दगड मारतात म्हणे?"

"मावशी, ते खाली. आपण शेंड्याच्या वरून जाणार."

"गोफणीला शेंडा कळतो होय?"

करकोचा हसला. "अहो, हंस रोज जातो."

"बसा हो मावशी," बेडूक ओरडले, "तुमच्यापायी उशीर होतोय!"

भागूबाईच्या मनात शंका होती, पण डोळ्यांसमोर लेक होती. ती बसली.

करकोचा अगदी नियमाने, शेंड्याच्या वर वीतभर उडत होता. खालून एका वानराने मान वर केली. उन्हात त्याला टोपलीची काळी बाजू दिसली. कावळाच असणार, असं म्हणून त्याने गोफण फिरवली. त्याचा नेम चांगला होता.

बाळांनो, इथे मला गंमत सुचत नाही. टोपली पडली. आतलं कोणीही वाचलं नाही. पलीकडच्या तळ्याकाठी, जांभळीच्या झाडावर भागूबाईची लेक आकाशाकडे बघत बसली होती. बघता बघताच ती बाळंत झाली. लाडू वानरांना सापडले. छान झालेत, म्हणाली.

करकोचा तेवढा लंगडत परत आला, पायात टोपलीची दोरी घेऊन.

महाराजांना फार दुःख झालं. त्यांनी कासवाची चौकशी समिती नेमली. लाल माकडं म्हणाली, "दगड आमचा नाही." वानरं म्हणाली, "दगड आमचा, पण टोपलीच त्याच्या वाटेत आली." महाराज म्हणाले, "आम्ही दवंडी दिली होती." करकोचा म्हणाला, "हंस जात होता." हंस म्हणाला, "करकोचा जात होता."

कासव सावकाश मागे मागे जात मुळापर्यंत पोचलं. मुळाशी खेकडा होता.

"हा चावला नसता, तर हंस त्या बाजूला उडालाच नसता," कासवाने निकाल दिला.

"अहो, त्याने माझ्या पाठीवर पाय दिला होता!" खेकडा म्हणाला. पण त्याला तळ्यातून हद्दपार केलं गेलं आणि जंगलाने सुटकेचा निःश्वास सोडला.

आता टेकडीवरून कोणी जात नाही. सगळे नदीकडच्या खडकांवरून जातात. तिथे अस्वलांच्या दोन घराण्यांत मधाच्या पोळ्यावरून नुकतीच धोंडे फेकायला सुरुवात झाली आहे.

परवाच भागूबाईची लेक हंसाकडे आली. पिल्लांना आजीची ढोली दाखवायची होती. तिने विचारलं, "हंसदादा, त्या खडकांवर दगड-बिगड नाहीत ना?"

"छे गं! करकोचा रोज जातो."

ती हंसाकडे बघत राहिली. मग पिल्लांना घेऊन दरीच्या वळशाने पायीच निघाली. वरून टोपलीतले नवे बेडूक तिला खदाखदा हसले.

तात्पर्य : आकाश सुरक्षित आहे का, हे खाली बघून ठरवू नये, शेजाऱ्याकडे बघून ठरवावं. म्हणजे पडताना, आपण काही एकटेच मूर्ख नव्हतो, एवढं समाधान मिळतं. आणि जवळपास एखादा खेकडा जरूर राहू द्यावा. पुढे चौकशीत तो सगळ्यांच्याच उपयोगी पडतो.