फटफटीला मोटारीचा टायर

गंगाखेडात चाक असलेली एकही चीज अशी नव्हती, की जिला माझा हात लागला नाही! सायकल म्हणा, टांगा म्हणा, रहाटाचं चाक म्हणा. व्यंकटराव सायकलवाल्याच्या दुकानावरून गेल्याशिवाय तालुक्यातलं चाक फिरत नाही, असं लोक म्हणायचे. म्हणजे आधी मी म्हणायचो, मग लोक म्हणायचे.

त्यात माझ्याकडं फटफटी होती. आणि साधी नाही, बाजूला डबा जोडलेली! बदली होऊन गेलेला एक इंजिनेरसाहेब ती जाताना माझ्या गळ्यात मारून गेला होता. डब्यात माझी बायको अंबिका, वर मी, असे आमी बाजारातून निघालो की लोक हातातलं भजं तोंडात घालायचं विसरायचे. एवढा रुबाब!

पण तिकडं लढाई पेटली आणि मुलखातलं सगळं रबर फौजेत गेलं. फटफटीचा मागचा टायर झिजून झिजून म्हाताऱ्याच्या टकलावानी गुळगुळीत झाला. बाभळीच्या काट्याला नुसतं लांबून दिसला तरी पंक्चर! हैदराबादेपर्यंत निरोप धाडले. टायर कुठंच नाही.

मग मला युक्ती सुचली. आबासाहेब देशमुखांची मोटार दोन वर्षांपासून गोठ्यात उभी होती, कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. मी दोरीनं चाकाचा घेर मोजला. आमच्या फटफटीएवढाच! रुंदीला तेवढा जरा जादा. पण डबा जोडलेली फटफटी वळणावर थोडीच कलते? तिला गोल पाठीचा टायर पाहिजेच कशाला? मोटारीचा सपाट टायर बसवला की जन्माची काळजी मिटली! आबासाहेब म्हणाले, "ने बाबा, पण कोंबड्या उठवू नको." मी टायर आणला, दुकानात खुंटीला अडकवला आणि सवडीनं बसवू म्हणून आठ दिवस नुसता लोकांना दाखवला.

नवव्या दिवशी दिवस उगवायला चंद्रभान दारात हजर! चंद्रभान म्हणजे अंबिकाचा धाकटा भाऊ. राणीसावरगावहून आठ कोस बैलगाडी हाणत आला होता, आणि गाडीतून उतरला तो दाराच्या चौकटीला धरूनच उभा राहिला.

"आक्का, आईचं काय खरं न्हाई. कालपास्नं तुझंच नाव घ्यायलीय. म्हणती, अंबीच्या हातचं पाणी तोंडात पडलं की मी मोकळी."

अंबिकानं तवा उतरवला, चुलीत पाणी मारलं आणि गाठोडं बांधलं. रडली नाही. एवढंच म्हणाली, "बैलाला वैरण घाल. खाऊन झालं की निघू."

इथं मी गप बसायला पाहिजे होतं. पण मी आणि गप?

"बैलगाडीनं?" मी म्हणलं. "आठ कोस? आगं, संध्याकाळ व्हईल! मंग माझी फटफटी काय लोणच्याला घातलीय का? तासाभरात टायर बसवतो, तासाभरात सावरगाव!"

चंद्रभान चाचरत म्हणाला, "दाजी, तिकडं काल झड लागली व्हती. काळी माती चाकाला लय धरायलीय. फटफटीचं कसं जमंल?"

"आरं, मोटारीचा टायर हाय! तू व्हय पुढं. तू अर्ध्या वाटंत असशील तवर आमी मागून येऊन पुढं जातो का न्हाई बघ!"

अंबिकानं माझ्याकडं बघितलं. "अहो, मी जाऊ का गाडीनं? तुमी या मागून."

"म्हंजे माझ्यावर भरवसा न्हाई तुझा?"

तिनं गाठोडं खाली ठेवलं. चंद्रभान रिकामी गाडी घेऊन निघून गेला.

मी कामाला लागलो. जुना टायर काढला आणि शेजारच्या मुंजाजीला देऊन टाकला. त्याला चपलेला तळ पाहिजे होते. तो भलता तत्पर माणूस, तिथंच बसून त्यानं टायरचे चार तुकडे केले! आता परतीची वाटच बंद. पण मला परतायचं कुठं होतं?

मोटारीच्या टायरच्या काठात लोखंडी तार असते, हे मला माहीत होतं. ती तार एवढी हट्टी असते, हे माहीत नव्हतं! एक बाजू रिमवर चढवावी तर दुसरी उतरायची. साबणाचं पाणी झालं, एरंडेल झालं. शेवटी मुंजाजीला टायरवर उभा केला आणि म्हणलं, "हलू नको!" मी पट्टी घालून जोर लावला. तार सटकली, टायर उसळला आणि मुंजाजी उडून पंक्चर बघायच्या घमेल्यात! बसला तो असा बसला, की घमेल्यासकट उठला! रस्त्यावरची माणसं पोट धरून हसायली. मीपण हसलो. अंबिका पायरीवर गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं फक्त सावली कुठं आली ते बघितलं.

"झालंच!" मी म्हणलं.

कसाबसा टायर चढला, तर चाक जागेवर बसंना. वरचं मडगार्ड आड यायलं. काढून टाकलं! मग चेन घासायली. एका बाजूला दोन वायसर जास्तीचे घातले आणि चाक जरा सरकवलं. आता फिरलं! टायर आणि सांगाड्याच्या दोन्हीकडच्या नळ्यांच्या मधी बोटभर फट राहिली. मुंजाजी म्हणाला, "व्यंकटराव, लय अरुंद वाटायलीय." मी म्हणलं, "आपल्याला काय बोट घालायचंय तिथं?"

दुकानासमोरच्या मुरमावर एक चक्कर मारली. झकास! सूर्य डोक्यावर आला होता. अंबिका डब्यात बसली आणि आमी निघालो.

चाक सरकवल्यामुळं फटफटी सारखी डावीकडं, नालीकडं ओढ घ्यायली. मी सगळा जोर लावून हँडल उजवीकडं धरायचो. हाताला कळा यायल्या, पण वेग असा होता की विचारू नका! चार कोसांवर चंद्रभानची गाडी गाठली. मी भोंगा वाजवला. "काय चंद्रभान! घरी गेल्यावर चहा टाकायला सांगतो!" बैल बुजले, चंद्रभाननं कासरा आवळला. अंबिका डब्यातून ओरडली, "त्याला सांगा, आमी पुढं हाओत, काळजी करू नको." बिचारीचा तेव्हा खरंच माझ्यावर भरवसा बसला होता.

त्यानंतर मुरूम संपला आणि काळी सुरू झाली.

आपल्याकडच्या काळ्या मातीचं मी तुमाला काय सांगावं? भिजली की ती तुमचा पाय सोडत नाही, चप्पल सोडत नाही. हे तालुक्यातलं शेंबडं पोर जाणतं. चाकाचा एवढा मोठा जाणकार, मलाच तेवढं आठवलं नाही! तो रुंद सपाट टायर खुरप्यावानी चिखल उचलायला आणि त्या बोटभर फटीत भरायला लागला. पन्नास पावलं गेलो आणि चाक जाम! इंजिन ओरडायलंय, चाक हलंना. उतरलो, बाभळीच्या काटकीनं चिखल कोरून काढला. पुन्हा वीस पावलं. पुन्हा जाम. मडगार्ड दुकानात राहिलेलं, त्यामुळं उरलेला चिखल माझ्या पाठीवर! मानंपासून कमरेपर्यंत मी सारवून निघालो. एक म्हशींचा कळप मागून आला आणि आमाला मागं टाकून गेला. शेवटची म्हैस तर थांबून माझ्याकडं बघून गेली.

बांधावर चार-पाच गडी जमले. "दाजीबा, नांगराला जुपा की हिला!" एक जण ओरडला. बाकीचे खिदळायले.

तेवढ्यात मागून घुंगराचा आवाज आला. चंद्रभानची गाडी! तिच्या चाकावरची बारीक लोखंडी धाव चिखल कापीत सरळ यायली होती. गाडी आमच्यापाशी थांबली.

"आक्का, बस गाडीत."

अंबिकानं एक पाय डब्याबाहेर टाकला. मी चिखलात गुडघ्यावर, हातात काटकी. वर बघून म्हणलं, "झालंच गं आता. एवढा पट्टा गेला की पुढं मुरूमच हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग बांधावरच्या त्या हसणाऱ्या माणसांकडं बघितलं. आणि तिनं पाय आत घेतला.

"तू हो पुढं चंद्रभान," ती म्हणाली. "आमी यायलोच."

माझी लाज राखली तिनं! आणि खरं सांगतो, मला त्या वक्ताला बरं वाटलं. बघा म्हणलं, माझ्या बायकोचा माझ्यावर केवढा विश्वास! आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

पुढचा अर्धा कोस चिखल कोरण्यात गेला. मग वाकडी बसलेली चेन, वर चिखलाचा ताण, तुटलीच! कडी उडून शेतात गेली. मी शोधायला निघालो, तर अंबिका डब्यातून उतरली होती. तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं, काष्टा वर खोचला आणि चालायला लागली. मी फटफटी लिंबाखाली ढकलली आणि मागून पळत सुटलो. लग्नाला बारा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्यापुढं चालत होती, आणि मला गाठता येत नव्हती.

दिवस कलला तेव्हा गाव आलं. घरासमोर माणसं दिसली. गडीमाणसं ओट्यावर खाली मान घालून बसलेली, बायका दारात. तोवर झपाझपा चालणारी अंबिका तिथून हळू चालायली. आता घाई कशाला, हे तिला लांबूनच कळलं होतं.

ती आत गेली. आतून तिचा आवाज आला, तो मी कधी ऐकलेला नव्हता. मी तसाच अंगणात उभा, पाठीवर वाळलेला चिखल घेऊन. चंद्रभान जवळ आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जिवाला लावून घेऊ नका दाजी. मी पोचायच्या आधीच गेली ती. आक्का गाडीत आली असती तरी भेट न्हवती."

देवाशप्पथ, छातीवरचा धोंडा उतरला! सासूबाई गेल्याचं दुःख होतंच. चांगली बाई होती, मी चूल दुरुस्त केली तरी गावभर कौतुक करायची. पण माझ्यामुळं नाही ना? मग झालं. दुसऱ्या दिवशी सगळं उरकून नदीवरून आलो. शेजारच्या बायनाबाईनं कडू घास म्हणून पिठलं-भाकरी आणली. दोन दिवसांचा उपाशी, मी तीन भाकरी खाल्ल्या.

त्याला आता चार वर्षं झाली. या चार वर्षांत तो टायरचा किस्सा मी दुकानात किती वेळा सांगितला असेल, गणती नाही! मुंजाजी घमेल्यात बसला, म्हैस थांबून बघून गेली, सगळं हातवारे करून! लोक हसून हसून लोळायचे. आणि शेवटाला मी म्हणायचो, "तसंबी, बैलगाडीनं गेलो असतो तरी भेट न्हवतीच म्हणा." आतल्या खोलीत अंबिका डाळ निवडत असायची. तिला सगळं ऐकू जायचं.

परवाच्या बाजाराला बायनाबाई गंगाखेडला आली होती. आमच्याकडं टेकली. चहा झाला, गावच्या गोष्टी निघाल्या. बोलता बोलता माझ्या सासूची आठवण काढून म्हातारी म्हणाली, "तानुबाईसारखं मरण येवं बाई. शेवटपत्तुर शुद्धीवर. चंद्रभान रिकामी गाडी घेऊन आला, तर इचारती, अंबी कुठं हाय? त्यो म्हणला, दाजी फटफटीवर आणायलेत, आलीच समज. मंग काय! ज्याला त्याला सांगायली, माझा जावाई मशिनीवाला हाय, आता येतोय बघा. आमी पाणी पाजायलो, तर तोंड मिटून घेतलं. म्हणली, आता नगं. अंबी यायलीय."

चंद्रभाननं तेव्हा माझ्या खांद्यावर ठेवलेला हात आठवला आणि मी बशी खाली ठेवली.

"लय येळ वाट बघितली गं," बायनाबाई म्हणाली. "दिवस कलूस्तोवर."

बायनाबाई गेली. मी अंबिकापुढं जाऊन बसलो. ती तांदूळ पाखडायली होती.

"तुला ठाऊक व्हतं?"

"व्हय."

"कवापास्नं?"

"त्याच दिवशी. बायकांनी सांगितलं."

"मंग चार वर्षं बोलली का न्हाईस मला? मी एवढा लोकांना सांगत सुटलो, हसत सुटलो..."

तिनं सूप खाली ठेवलं.

"सांगणारच व्हते. नदीवरून आल्यावर सांगायचं ठरवलं व्हतं. पण बाहेर येऊन बघितलं तर तुमी जेवायला बसला व्हता. म्हणलं, दोन दिवसांनी माणूस जेवायलाय, दोन घास जाऊ द्या. मंग राहूनच गेलं."

एवढं बोलून ती उठली आणि चूल पेटवायला लागली. मला त्या दिवशी बिलकुल भूक नव्हती. पण तिला तसं सांगायची माझी छाती झाली नाही. तिनं वाढलं तेवढं गपचूप खाल्लं.