गुडघ्याला दहापैकी किती?

रोगी बरा झाला की नाही हे डॉक्टरला कळत नाही, ते रोग्यालाच कळतं. आणि रोग्याला काय कळतं ते फक्त अथेन्सच्या रुग्णमत कक्षाला कळतं. या सनातन सत्यावर कक्षाची चार मजली इमारत उभी आहे. (लिफ्ट बंद असते. तिच्याबद्दल कुणाचं मत मागवलेलं नाही.)

एजियन समुद्रातल्या एका बेटावर राहणाऱ्या पोलिक्सेनीबाईंचा डावा गुडघा तिथल्याच डॉक्टर स्त्रातोसांनी बदलला. त्याआधी चर्चची पायरी चढताना बाई सगळ्या संतांना नावानिशी हाका मारायच्या. आता त्या ऑलिव्हच्या झाडावर चढून शेजारी काय शिजतंय ते बघू लागल्या. उजवा गुडघा ईस्टरनंतर बदलायचं ठरलं होतं.

कक्षाचा फोन आला तेव्हा बाई अंगणात कॉफी पीत होत्या आणि समोर शेजारीण वासो आपले निळे डोळे रोखून बसली होती.

"आजी, गुडघा कसा आहे? शून्य ते दहामध्ये सांगा. दहा म्हणजे उत्तम."

निळ्या डोळ्यांची दृष्ट लागते, म्हणून त्यांच्यासमोर 'मी बरी आहे' असं त्या बेटावर कुणी म्हणत नाही. म्हणालाच, तर पुन्हा म्हणायला उरत नाही. बाई चटकन तीनदा थुंकल्या. "थू थू थू! कसला बरा, पोरी! दोन लिही. तेही देवाची कृपा म्हणून."

"एक सांग गं, एक," वासो कुजबुजली. "माझ्या नणंदेनं तीन सांगितले, तर बकरी मेली."

बेटाची सरासरी पावणेदोनच्या वर गेली नाही. (एका गृहस्थांनी पाच दिले होते. ते जर्मनीत राहून आले होते.) रुग्णमताचा आदर राखून बेटावरचा गुडघे बदलण्याचा विभाग बंद झाला आणि डॉक्टरांची बदली झाली.

बाई बोटीनं अथेन्सला गेल्या, कक्षाचे चारही मजले एका दमात चढल्या आणि आजूबाजूला निळे डोळे नाहीत असं पाहून ओरडल्या, "दहा! दहा लिहा, मेल्यांनो, आणि आमचा डॉक्टर परत द्या!"

अधिकारी हळहळला. "आजी, तुमच्यावर कुणीतरी दबाव आणलेला दिसतोय."

"अरे मुडद्या, जिने चढून आले ना मी!"

"ते आम्हाला दिसलं. पण ते झालं आमचं मत. तुमचं मत दोन आहे."

तेव्हा उजवा गुडघा मुख्य भूमीवरच्या आदर्श इस्पितळात बदलावा लागला. त्याची सरासरी साडेनऊ. मेलेले रुग्ण उत्तर देत नाहीत. कक्ष त्यांच्या मौनाचा मान राखतो. उरलेल्यांना सर्जनसाहेब स्वतः खाटेशी येऊन विचारतात, टाके काढण्यापूर्वी.

बाईंचा गुडघा टरबुजाएवढा सुजला होता आणि वाकायचा तो भलत्याच दिशेला. साहेब हातात कात्री घेऊन वाकले. "मग आजी, किती?"

बाईंनी गुडघ्याकडे पाहिलं, मग कात्रीकडे.

"दहा, डॉक्टरसाहेब. तुमच्या हाताला यश येवो."

बाईंनी जन्मात दिलेले आणि कागदावर चढलेले हे पहिले दहा. 'दोनवरून दहा : पाचपट सुधारणा' असं कक्षानं अहवालात ठळक छापलं. बाई आता कुबड्या घेऊन चालतात. पण तो दृष्टिकोन झाला पाहणाऱ्याचा.

वाचकांनी बाईंना जरूर हसावं. फक्त गेल्या खेपेला न्हाव्यानं मानेवर वस्तरा टेकवून "साहेब, कसं वाटतंय?" विचारलं, तेव्हा आपण काय म्हणालो होतो, तेवढं आधी आठवावं.