सुनेसाठी थांबलेली तूर

"परत चुकलं," म्हणत शिवकांतानं कपाळाला हात लावला, तेव्हा तिचे सासरे गुरुपादप्पा मोंढ्यात निघाले होते. अहमदपूरच्या या धान्यबाजारात त्यांची अडत. सून संख्याशास्त्रात पीएच.डी. करते, हे ते पोतं उघडायच्या आधी सांगत.

"काय चुकलं, पोरी?"

"तुरीचा भाव, मामा. कॉम्प्युटरला मागचे सगळे भाव दिलेत. उद्या भाव किती, हे तो सांगत न्हाई. किती उसळंल, ते सांगतो. एकदा उसळला की काही दिवस उसळतच राहतो. शांत झाला की शांत."

"यांच्यासारखंच की," सासूबाई शांतम्मा स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "भडकले की आठवडाभर धड बोलत न्हाईत."

"शनिवारी नांदेडहून माझ्या गाईड मॅडम येणार. या आठवड्याचा अंदाज जुळला तरच प्रबंधावर सही. आन् भाव उड्या मारायलाय."

"उड्या मारतो म्हणून सही अडली व्हय," गुरुपादप्पा म्हणाले आणि टोपी घालून बाहेर पडले.

सकाळच्या सौद्याला सगळे अडते आणि खरेदीदार जमले होते. त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. मोंढ्यात पोती मोजकीच.

"शनिवारपर्यंत तूर हलवायची न्हाई," गुरुपादप्पा म्हणाले. "कालचा चढा भाव तसाच."

"का? कोण गेलं?" खरेदीदार अण्णारावांनी विचारलं.

"सुनेची परीक्षा हाय."

नवा जिल्हा झाला तर उदगीरला की अहमदपूरला, यावर या मंडळींचं कधी एकमत झालं नव्हतं. यावर झालं. "पोरगी लातूरवर न्हाई, आपल्या मोंढ्यावर लिहायलीय," अण्णाराव म्हणाले, आणि तूर थांबली.

तोच भाव रोज पाहून शिवकांतानं आधी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, मग बाजार समितीला फोन लावला. "बरोबर हाय ताई," तिकडून कारकून हळूच म्हणाला. "तुम्ही निवांत अभ्यास करा."

शनिवारी मॅडमनी कॉम्प्युटरचा पडदा पाहिला. अंदाजाची रेघ डोंगरासारखी, बाजाराची पट्टीनं आखल्यासारखी. "हा बाजार जिवंत आहे ना?"

"जुळलं का?" गुरुपादप्पा चहा घेऊन आले आणि त्यांनी मोठ्या आनंदानं सगळं सांगितलं. शिवकांतानं डोळे मिटून घेतले.

मॅडमनी चष्मा काढून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "दुष्काळात तुरीचा भाव एका माणसाच्या शब्दावर थांबला. शिवकांता, यांना तुमच्या अंदाजाच्या मॉडेलात घाला."

शिवकांतानं त्या दिवसांसाठी एक वेगळा रकाना केला, त्याला सासऱ्यांचं नाव दिलं आणि मॉडेल पुन्हा चालवलं. "मामा, हे तुम्ही. तुमच्यामुळं उसळी थांबली, हे सिद्ध झालं. खात्री पक्की असली की कॉम्प्युटर आकड्यापुढं चांदण्या देतो. तुम्हाला तीन. याच्यावर तो देत न्हाई."

"आता सोमवारचा अंदाज जुळू दे, मग सही," मॅडम म्हणाल्या. ते थांबलेले दिवस वेगळे काढल्यावर अंदाज निघाला जोरदार उसळीचा.

"मामा, सोमवारी मोंढ्यात भावाचं काही बोलू नका."

सोमवारी गुरुपादप्पा भावाचं काही बोलले नाहीत. फक्त चांदण्यांचं बोलले.

"तीन? पोलीस ठाण्याच्या साहेबाच्या खांद्यावर असत्यात तेवढ्या," अण्णाराव म्हणाले. "आन् आम्हाला? तूर काय एकट्यानं धरली व्हती?"

जो तो आपली चांदणी मागू लागला. रुसलेल्या अण्णारावांनी बोली एकदम वर नेली, दुसऱ्यानं त्याहून वर, तिसऱ्यानं खरेदीच बंद केली. दुपारपर्यंत तुरीचा भाव कुणाच्या हाती लागेना.

संध्याकाळी शिवकांता पळतच ओसरीवर आली. "मामा, जुळलं. मॅडम सही करायल्यात." मग ती थबकली. "तुम्ही काही बोलला न्हाईत ना?"

"भावाचा एक शब्द न्हाई, पोरी," गुरुपादप्पा म्हणाले आणि टोपी खुंटीला अडकवायला वळले.